भोंग्यावर उघडणारी पेटी

३ सप्टेंबर, बुधवार

या घरात मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजअखेर:

जेवणाचं टेबल (डगमगत नाही, जमीन डगमगते). चपलांचा रॅक, चौदा जोड. पत्रपेटी. बाथरूमची कडी (आधी वर, मग डावीकडे, साडू चाळीस मिनिटं आत राहिले, त्यात कडीचा दोष नाही). नातीचा पाळणा, झोका दोन्हीकडे बारा अंश, पुढे जातच नाही. दोन मिलिग्रॅमचा फरक दाखवणारा तराजू. सगळं डिप्लोमाशिवाय. कारखान्यातले वजनकाटे दुरुस्त करायलासुद्धा मला कोणी शिकवलेलं नाही. एकवीस वर्षं करतो आहे.

बाहेरून आलेलं: फ्रिज, जावई.

आज आरोग्य खात्याच्या बाई घरोघर आयोडाइडच्या गोळ्या वाटत आल्या. अणुऊर्जा प्रकल्प इथून सव्वाचार किलोमीटर. दोन मनोरे आमच्या ओट्याच्या खिडकीतून दिसतात. काही गळती झालीच तर गोळी घ्यायची, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चांगल्या आयोडीनने भरलेली राहते आणि वाईट आयोडीनला आत जागा मिळत नाही. गाडीत आधी रुमाल टाकून ठेवण्यासारखं. तत्त्व पटलं.

घराला दहा गोळ्यांची एक पट्टी. बाईंनी वयं विचारली. मी एकोणपन्नास, ही पंचेचाळीस, लेक सव्वीस, नात आठ महिने. म्हणाल्या, लेकीला दोन, बाळाला अर्धी. चाळीसच्या पुढच्यांना शक्यतो लागत नाही, त्यांना फायदा कमी. मी विचारलं, हे कोणी ठरवलं. म्हणाल्या, काका, ग्रंथीच ठरवते. तेवढ्यात महिन्याच्या पहिल्या बुधवारचा अकराचा भोंगा वाजला, म्हणून वाद अर्धा राहिला.

सोबत प्रकल्पाचं एक जाड पाकीट. पाच किलोमीटरच्या आतली घरं ते विकत घेणार आहेत म्हणे. उत्तर ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचपर्यंत. उघडलं नाही. टेबलाच्या चौथ्या पायाखाली बरोबर बसलं.

संकल्प: १) गोळ्यांसाठी पेटी. २) रविवारी मोरीचा नळ.

६ सप्टेंबर, शनिवार

माहितीपत्रक तीनदा वाचलं. मुख्य मुद्दा: गोळी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. फार आधी घेतली तर फुकट, फार उशिरा तरी फुकट. आणि ती फक्त थायरॉइडला वाचवते, बाकीच्या माणसाचं बाकीच्या माणसाने बघायचं.

म्हणजे धोका प्रकल्पाचा नाही, घरच्यांचा. ही तर डोकं दुखेल असं वाटलं तरी गोळी घेते. पेटीला कुलूप हवं. पण किल्ली कोणाकडे? माणूस घाबरतो. भोंगा घाबरत नाही. तेव्हा पेटी भोंग्याच्या आवाजावरच उघडली पाहिजे. तोपर्यंत नाही.

हे जेवताना सांगितलं. ही म्हणाली, नळ पण भोंग्यावरच बंद होणार का?

लेकीने विषय बदलला. जावई शीतगृहात सुपरवायझर आहे, इथून दीडशे किलोमीटरवर. त्याला आता तिथे दोन खोल्या मिळाल्या आहेत. तिचं म्हणणं, बाबा, पाकिटातलं घ्या, आपण सगळेच तिकडे जाऊ, मी एकटी जाऊन काय करू. मी म्हणालो, घाई नको, आधी पेटी होऊ दे. ती बाळाला पाजताना खिडकीकडे पाठ करून बसते. उजेड डोळ्यांवर येत असेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

गोळी अर्धी करण्याचा सराव. पत्रक म्हणतं, खाच आहे तिथे मोडा. मोडली. तराजूवर एक अर्धी ९७, दुसरी १०२. पाच मिलिग्रॅमची तफावत, वर भुगा. याला अर्धी म्हणत नाहीत. दुसरी ब्लेडने कापली: तीन तुकडे. तिसरी कानसीने घासून बरोबर ९८ वर आणली, मग शिंक आली.

लेक म्हणाली, बाबा, चुरून दुधात घालायची आहे, सोनं विकायचं नाहीये. साधारण अर्धी चालते. मी तिला सांगितलं, साधारण हा शब्द आमच्या कारखान्यात भिंतीवर लिहून त्यावर फुली मारली आहे. (मीच मारली.)

उरल्या सात. लेकीला दोन, नातीला अर्धी, हिला दोन, मला दोन. साडेसहा. पुरतात. चाळीसची अट मी धरत नाही. मी कधी सिगरेट ओढली नाही; माझी ग्रंथी पस्तीसच्या पुढे नसेल.

१४ सप्टेंबर, रविवार

पेटीचं लाकूड तासलं. सांधे खिळ्याशिवाय. स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत केली, म्हणजे कोणी घाईघाईत उघडू म्हटलं तर उघडणार नाही. भीतीवरचा हा उपाय पत्रकात नाही.

नळ राहिला. पाईप पाना शेजारच्या शिंप्याकडे आहे. त्याला माझा इलाज नाही.

दुपारी पलीकडचे ड्रॉइंग मास्तर आले आणि माझा हातोडा परत दिला. अकरा वर्षांनी. मी म्हणालो, इतकी घाई नव्हती. ते म्हणाले, घाई आहे. मग बराच वेळ पेटीकडे बघत बसले. म्हणाले, रेषा सुंदर आहे तुमची, पण चित्र कशाचं काढताय? कलेच्या माणसांना कारागिरी कळत नाही.

हातोड्याची मूठ ढिली केली आहे त्यांनी. पाचर मारली.

२० सप्टेंबर, शनिवार

जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक, एक रिले, भंगारातल्या गाडीच्या दाराचं कुलूप. भोंग्याची पट्टी मोबाइलवर मोजून ठेवलेली होती: ४३५ हर्ट्‌झ. यंत्राला तेवढाच आवाज ऐकू येतो. बाकी जग त्याच्यासाठी मुकं. जोडणी पूर्ण. आता १ तारखेच्या भोंग्याची वाट.

बेकरीवाल्याने शिडी आणून दिली. पाच वर्षांनी. लोकांना शिस्त लागते आहे.

मास्तरांच्या घराला पडदे नाहीत. धुवायला काढले असावेत.

१ ऑक्टोबर, बुधवार

अर्धी रजा. सगळ्यांना अकराला पाच कमी असताना पेटीसमोर उभं केलं. ही पोळपाट हातात घेऊन आली. तिला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे.

११.०० भोंगा. ११.०० आणि चार सेकंद: खट्. झाकण वर, स्प्रिंगचा ट्रे बाहेर, पट्टी हाताशी. चार सेकंद! घड्याळजीला जमणार नाही.

ही म्हणाली, उघडली की खरंच. एवढंच, पण तिच्या तोंडून ‘खरंच’ मी लग्नानंतर तिसऱ्यांदा ऐकलं. लेक म्हणाली, छान आहे बाबा. मग भोंग्याने बाळ जागं झालं म्हणून आत गेली. ती राहणार असं वाटतं. म्हणाली नाही, पण ‘छान’ म्हणाली.

संध्याकाळी प्रकल्पाला पत्र लिहिलं. पाच किलोमीटरच्या आत तीन हजार दोनशे घरं आहेत. प्रत्येक घरात अशी पेटी असावी. आराखडा तीन बाजूंनी काढून जोडला. मोबदला मागितला नाही. फलकावर नाव चालेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

पेटी आपोआप उघडली. सकाळी दोनदा, दुपारी एकदा. भोंगा नाही, काही नाही.

कारण सापडलं. नात. तिचं रडणं मोजलं: ४३१ ते ४३८. कोणी न शिकवता बरोबर पट्टीत लागते. आमच्याच रक्तातलं आहे.

यंत्राची पट्टी नातीपासून हलवली तर भोंग्यापासूनही हलते. हिने विचारलं, मग आता काय, पोरीला खालच्या सुरात रडायला शिकवायचं? मी हो-नाही काही म्हणालो नाही, विचार करत होतो.

५.४०. चौथ्यांदा उघडली तेव्हा ट्रेला जरा जास्त झटका बसला आणि पट्टी उडून खालच्या पाळण्यात पडली. लेक धावत आली तेव्हा पट्टी बाळाच्या तोंडात होती. कागद चावलेला, ओला. गोळ्या मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सात.

मी तिला सांगितलं, सातच्या सात आहेत. ती बाळाला उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. त्या दाराची कडी मी केलेली नाही, कर्रकर्र वाजते.

उपाय: आवाज सलग वीस सेकंद आला तरच उघडेल. कोणतंही बाळ एका पट्टीत वीस सेकंद रडू शकत नाही, श्वास घ्यावा लागतो. प्रश्न सुटला. पाळणाही दुसऱ्या भिंतीला.

आत फोन चालू होता, बराच वेळ.

१५ ऑक्टोबर, बुधवार

२२ तारखेला पूर्ण परिसराची तालीम आहे, अकरा वाजता. खरं संकट आल्यासारखं सगळं करायचं, गोळी फक्त गिळायची नाही. यापेक्षा मोठी संधी नाही. गल्लीतल्या सगळ्यांना बघायला बोलवायला निघालो. बेकरी बंद. मास्तर नाहीत. शिंपी सामान बांधत होता. म्हणाला, बरं झालं आलात, आणि पाईप पाना हातात दिला. वर मोठा कंपाससुद्धा, जो मी त्याला दिल्याचं विसरलो होतो. एवढा प्रामाणिक माणूस.

आता माझी सगळी हत्यारं घरात आहेत. अठरा वर्षांत पहिल्यांदा. भिंतीवर प्रत्येकाच्या आकाराची रेघ आहे, तिच्यात बरोबर बसली. जागा एकही रिकामी नाही. बघत उभा राहिलो.

रात्री जेवताना लेक म्हणाली, बाबा, एकच मागते. २२ तारखेला पेटी उघडली तर मी जाण्याचं नाव काढणार नाही. नाही उघडली तर मी बाळाला घेऊन जाणार, आणि तुम्ही पाकिटातल्या फॉर्मवर सही करून आईला घेऊन यायचं. मी म्हणालो, लिहून देतो. दिलं. तारीख, वेळ, सही. हिने साक्षीदार म्हणून सही केली आणि विचारलं, पाकीट आहे कुठे? मी टेबलाकडे बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली.

नळ: उद्या. पाना आलाच आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

१०.५० सगळे हजर. लेकीच्या कडेवर बाळ. मी इस्त्रीचा शर्ट.

११.०० भोंगा नाही.

११.०० आणि काही सेकंद. चौघांत मिळून तीन फोन, तिन्ही एकदम थरथरले. संदेश: ही तालीम आहे, घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा, गोळ्या जवळ घ्या.

११.०३ गल्लीतून लाउडस्पीकरची गाडी. बाईचा आवाज, तेच सगळं. बाईंचा आवाज मोजला: २१०. स्पष्ट बोलत होत्या, पण २१०.

११.०५ पेटी बंद.

११.०६ मी शिट्टी वाजवली. वीस सेकंद पुरत नाही, दम लागतो.

११.०९ ही म्हणाली, पोर रडली तर उघडेल ना? लेकीने तिच्याकडे बघितलं. मी बाळाच्या हातातला खुळखुळा काढून घेतला. ती हसली. मी डोळे वटारले. जास्तच हसली. आयुष्यात माझ्यावर इतकं मनापासून कोणी हसलं नाही. तशीही वीस सेकंद रडली नसती.

११.१५ ते ११.५० स्क्रू. डोकी गुळगुळीत आहेत. काम उत्तम झालं होतं, कोणताही पेचकस धरत नव्हता. हा पेटीचा गुण मानायचा की दोष, हा प्रश्न मी लेकीला समजावत होतो.

११.५२ हातोडा. मास्तरांचा; म्हणजे माझाच. मूठ घट्ट निघाली.

एक गोळी चिरडली. सहा उरल्या. बावन्न मिनिटं हा काही फार उशीर नाही, पत्रकात तासांचा हिशेब आहे. हे मोठ्याने वाचून दाखवलं. खोलीत कोणी नव्हतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जावई टेम्पो घेऊन आला. नमस्कार केला, पेटीबद्दल विचारलं नाही. सभ्य मुलगा आहे.

पाळण्याचे सात भाग सुटे करून, नंबर घालून, दोरीने बांधून ठेवले होते. लेक म्हणाली, बाबा, तिकडे एक घेतलाय. मी विचारलं, झोका किती अंश. तिला माहीत नव्हतं.

नातीने जाताना माझं बोट धरलं, ते सोडवायला थोडा वेळ लागला. मुलांची पकड वयाच्या मानाने जास्त असते, वाचलं आहे.

गोळ्यावाल्या बाई योगायोगाने गल्लीत होत्या. लेकीने पट्टी त्यांच्या हातात दिली: आम्ही पाच किलोमीटरच्या बाहेर चाललो, घरात आता चाळीसच्या आतलं कोणी नाही. बाई म्हणाल्या, बरं झालं, साठा कमीच आहे, मुलं असलेल्या घरात लागतात. मी हरकत घेतली. बाईंनी विचारलं, काका, दहाच्या सहा कशा? मी हरकत मागे घेतली.

सहीच्या कागदाबद्दल लेकीने गाडीत बसताना विचारलं. मी तिला स्पष्ट सांगितलं: अट अशी होती की पेटी उघडली नाही तर. पेटी भोंग्यावर उघडते. भोंगा वाजलाच नाही. म्हणजे पेटीची परीक्षाच झाली नाही. नापास प्रकल्पाची मंडळी झाली. ती म्हणाली, बरं बाबा. मग काच वर केली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

प्रकल्पाचं उत्तर. सूचनेबद्दल आभार. भोंगा आता कायमचा बंद केला आहे, यापुढे फक्त मोबाइलवर संदेश. आराखडा परत जोडला आहे. घडी चुकीची घातली आहे.

पेटी दुरुस्त केली. नवं झाकण. वीस सेकंदांची अट काढून पुन्हा चारवर आणली. घरात आता बाळ नाही, गरज नाही.

ही लेकीकडे चालली आहे, आठ दिवस, मदतीला. बॅगा तीन. शिवणयंत्र. लोकरीचे कपडे. मी विचारलं, आठ दिवसांना शिवणयंत्र? ती म्हणाली, तुमच्या घड्याळात आठ दिवस किती तासांचे असतात ते मला अजून कळलेलं नाही. दारात थांबून म्हणाली, ३१ तारीख विसरू नका. पाकीट टेबलाखाली आहे. आणि दुधाची पिशवी दोन नका घेऊ आता.

संकल्प: नळ.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ७.०० दूध एक पिशवी.

९.३० पाकीट काढलं. टेबल डगमगलं. म्हणजे जमीन. आठ आठवड्यांत पहिल्यांदा पाकीट उघडलं. फॉर्म, नकाशा, किमतीचा तक्ता. घर, जमीन, विहीर नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत: मालकाने स्वतः केलेली कामं. कोणीतरी येऊन पाहून गेलं असणार, मी कारखान्यात असताना. पत्रपेटी धरली आहे, कडी धरली आहे. टेबल धरलेलं नाही.

दुपारी ३.१० हिचा फोन. स्पीकरवर ठेवला, हातात पाना होता. विचारलं, जेवलात का. हो. सही केली का. बघतो. तिकडे मागे बाळ रडत होतं. ही म्हणाली, थांबा हं, दात येतायत तिला, आणि फोन तसाच खाली ठेवून गेली.

खट्.

घड्याळ बघितलं. चार सेकंद. झाकण वर, ट्रे बाहेर. फोनच्या स्पीकरमधून, दीडशे किलोमीटरवरून. ट्रेमध्ये काही नव्हतं, तरी पूर्ण बाहेर आला, कुठे अडकला नाही. यंत्रणेत काडीचा दोष नाही. हे हिला सांगायचं होतं. ती परत आली तेव्हा म्हणाली, ठेवते, रडतेय. मी म्हणालो, रडू दे थोडं. तिने ठेवला होता.

ट्रे आत ढकलला. झाकण लावलं. बसून राहिलो. पुन्हा उघडली नाही.

४.४० प्रकल्पाचं कार्यालय. खिडकीत मी एकटाच. कारकून म्हणाला, तुमच्या गल्लीतले तुम्ही शेवटचे, इथे सही करा म्हणजे गल्ली बंद करतो. मी फॉर्ममध्ये ‘नकार’ समोर खूण केली. त्याने कारण विचारलं, रकाना आहे. लिहिलं: घर सुसज्ज आहे. तो म्हणाला, काका, अजून वीस मिनिटं आहेत, बाहेर चहा पिऊन या. मी चहा घेऊन आलो आणि फॉर्म दिला.

६.०० घरी. नळाचा थेंब मोजला, मिनिटाला चव्वेचाळीस. पाना भिंतीवर, त्याच्या रेघेत.

आजची नोंद, पुढे वाद नको म्हणून: प्रकल्पाने घरासाठी देऊ केलेली किंमत मी नाकारली. बासष्ट लाख बाराशे. त्यातले बाराशे माझ्या हातच्या कामाचे.